स्लॅबखालचे जेवण

तुमचे आबा दर वर्षी थंडीच्या शेवटी आठवडाभर बुलढाणा जिल्ह्यात जात, हे तुम्हाला आठवत असेल. कुठे निघालात असे विचारले की ‘सुखदेवकडे’ एवढेच सांगत. परत येत तेव्हा बुटांना काळी माती असे आणि पिशवीत जवसाच्या चटणीची पुडी. मी कधी बरोबर गेले नाही. ते त्या दोघांचे दिवस होते, आणि मला शाळा असे. यंदा आबा नाहीत, म्हणून मी गेले. ईशान, तू म्हणालास, आजी, इंग्रजीत लिही, आम्ही भराभर वाचू. मी मराठीतच लिहिते आहे. सुखदेवरावांचे बोलणे इंग्रजीत घातले की ते दुसऱ्याच कुणाचे तरी होते. तुम्ही हळूहळू वाचा.

सुखदेवराव आबांच्या हाताखाली फौजेत होते. पूल बांधणारी, सुरुंग काढणारी ती पलटण. एकाहत्तरची लढाई दोघांनी बरोबर पाहिली. पुढे सुखदेवरावांनी फौज सोडली आणि आपल्या भागात घरे बांधू लागले. हाताला काम नसेल तेव्हा डोंगरात भटकत.

फेब्रुवारीत त्यांचा फोन आला. ‘वैनी, सेंट्रिंग काढाचं हाय. साहेब असते तं आले असते. तुमी येता का?’ त्याच दिवशी त्यांची मुलगी माया हिचाही फोन आला. ‘काकू, तुम्ही याच. आणि बाबांना त्या स्लॅबखाली बसू देऊ नका. माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील.’

सेंट्रिंग म्हणजे काय ते आधी सांगते. आपल्याकडे घराचे छत काँक्रीटचे ओततात. ओले काँक्रीट हवेत राहत नाही, म्हणून खाली फळ्यांचा मांडव घालतात आणि त्याला लाकडी बल्ल्यांचे टेकू देतात. काँक्रीट घट्ट झाले की हे सगळे काढून घेतात, आणि त्या क्षणापासून छताला आपले वजन आपणच पेलावे लागते. सुखदेवरावांची रीत अशी, की मधल्या ओळीच्या बल्ल्या सोडून बाकीचे सामान कामगारांनी काढायचे आणि बाहेर जायचे. उरलेल्या बल्ल्या ते स्वतः ठोकून काढणार आणि त्याच छताखाली बसून जेवणार. त्यांचे जेवण होईपर्यंत दुसऱ्या कुणी आत पाय ठेवायचा नाही. आबा आलेले असले की तेवढे आत असत.

मलकापूर

रेल्वेचे काही सांगत नाही. रात्रीची गाडी होती आणि मी झोपले. सकाळी मलकापूरला उतरले. गावाबाहेर कापसाचे ट्रक उभे होते आणि रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस चिकटला होता. तुम्ही पाहिला असता तर लांबून बर्फच म्हणाला असता. जवळ गेल्यावर तो मळका दिसतो. येणाऱ्याजाणाऱ्या ट्रकमधून काट्यांनी ओरबाडून घेतलेला.

माया तिथल्याच एका दवाखान्यात परिचारिका आहे. रात्रपाळी संपवून ती थेट स्टेशनावर आली होती. चहा घेणार का, असे तिने विचारले नाही. आपल्या पुण्यात आधी विचारतात. दोन चहा सांगून झाल्यावर ती बोलू लागली.

‘स्लॅब ओतला त्याच संध्याकाळी अवकाळी पाऊस आला, काकू. ताडपत्र्या उडाल्या. वरचं सिमेंट किती धुऊन गेलं, कोणाला माहीत. आणि बाबांना दिसत नाही आता. काचबिंदू. उजेड कुठे आणि सावली कुठे, एवढंच कळतं. अख्खी इमारत त्यांनी हातानं चाचपून बांधली.’

‘कोणी तपासून घेतली का?’

‘एक इंजिनीअर यंत्र लावून गेला. ठीक वाटते, म्हणाला. अजून काही दिवस टेकू राहू द्या, म्हणाला. बाबांनी राहू दिले. पण ठीक वाटते म्हणजे काय?’ तिने कप खाली ठेवला. ‘पडलेल्या छताखालून काढलेलं माणूस मी दवाखान्यात एकदा पाहिलंय. माझ्या घरातलं नाही पाहायचं.’

बघते, म्हणाले मी. हे उत्तर तिला पुरेसे वाटले नाही, आणि ते पुरेसे नव्हतेच.

वडनेर भोलजी

वडनेर मोठे गाव आहे. हमरस्त्यावर ट्रकांची रांग आणि दोन शेते आत गेले की हरभऱ्याची काढणी चाललेली. सुखदेवराव ओसरीत उभे होते. उंच, वाळलेले, पांढरा सदरा, इस्त्रीची घडी अजून मोडलेली नाही. आमचा आवाज ऐकून त्यांनी हात जोडले.

‘पाय उचला वैनी. उंबरा उंच हाय.’

तरी मी ठेचकाळलेच.

समोरच्या भिंतीवर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, आणि बाजूला दोन तरुण शिपायांचा एक धुरकट फोटो. त्यात तुमचे आबा नव्हते. एक सुखदेवराव, हे हनुवटीवरून कळले. दुसरा कोण ते मी त्या दिवशी विचारले नाही.

संध्याकाळी त्यांनी मला इमारत दाखवली. विहाराच्या शेजारी एक लांबट खोली; गावातल्या मुलामुलींना अभ्यासाला बसायला. पोलीस भरती, फौज, बँक, अशा परीक्षांचा अभ्यास घरच्या गोंगाटात होत नाही म्हणून. आत बल्ल्यांचे जंगल होते. दारात रफिकभाई उभे होते, सुखदेवरावांचे जुने मिस्त्री. आता सुखदेवरावांचे डोळेही तेच.

‘मेमसाब, या बुढ्याले सांगा काही,’ रफिकभाई म्हणाले. ‘जवानीपासून मले दरवाज्यात उभं ठेवते. म्हन्ते, तुले काही झालं तं तुह्या बायकोले काय जवाब देऊ.’

‘तुही बायको मले झाडूनं मारन बे.’

‘आन् तुले काही झालं तं? माया मले काहानं मारन?’

सुखदेवराव हाताशी आलेली बल्ली चाचपू लागले.

बाहेर ओट्यावर बसलेल्या दोघातिघांच्या बोलण्यातले शब्द मला ऐकू आले. भिजलेला स्लॅब. आंधळा मिस्त्री. आमची पोरं नाही पाठवणार. सुखदेवरावांचे कान माझ्याहून तिखट आहेत. त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून पुढे चालत राहिले.

अमडापूर

‘बल्ल्या काढाच्या आधी अमडापूरले जा लागते,’ दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले. ‘साहेब अन् मी दर साल जात होतो.’

माया कामावर गेली होती. आम्ही भाड्याची गाडी केली. अमडापूर चिखली तालुक्यात, वडनेरहून बरेच दूर. बाजाराचा दिवस असल्याने गाडी वांग्यांच्या पाट्यांमधून बोटभर वाट काढत गेली. एका लहानशा घरापुढे आम्ही थांबलो. दारात कौसाबाई होत्या, माझ्याच वयाच्या. भिंतीवर तोच धुरकट फोटो. त्यातला दुसरा शिपाई त्यांचा थोरला भाऊ म्हादू.

सुखदेवराव आत आले नाहीत. घराच्या मागे जाऊन भिंत चाचपत राहिले. कौसाबाईंनी मला जेवायला बसवले. ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत, जवसाची चटणी आणि तिच्यावर कच्चे तेल. आबांच्या पुडीतली चटणी इथून येत असे, हे मला पहिल्या घासाला कळले.

‘तुमाले साहेबानं नाई सांगतलं म्हादूचं?’

मी नाही म्हणाले. मग त्यांनी सांगितले. त्यांचे शब्द मला जसेच्या तसे येणार नाहीत, म्हणून आधी माझ्या भाषेत सांगते.

लढाईत शत्रूने शेतांमध्ये सुरुंग पेरून ठेवले होते. रणगाडे पुढे जाण्याआधी त्यातून वाट करायची, हे आबांच्या माणसांचे काम. माणसे पोटावर सरपटत, हातातली सळई जमिनीत तिरकी खुपसत जात. सुरुंग लागला की मोकळा करून बाजूला काढत. वाटेच्या कडेला पांढरी पट्टी लावत. आणि ज्याने वाट साफ केली, तिच्यावरून पहिले त्यानेच चालायचे, अशी त्यांची रीत होती. त्या पहाटे वाट झाली तेव्हा सुखदेवराव मागे बसून पाणी पीत होते. रणगाडे खोळंबले होते. आबांनी जवळ उभ्या असलेल्या म्हादूला हाताने खूण केली. म्हादू निघाला. सुखदेवरावांनी साफ केलेल्या तुकड्यात एक सुरुंग राहून गेला होता.

‘तुकडा सुखदेवभाऊचा, हुकूम साहेबाचा,’ कौसाबाई म्हणाल्या. आवाज साधा होता, पाणी भरल्याचे सांगावे तसा. ‘लढाई सरली तवा दोघं इथं आले. माह्या बापासमोर बसले अन् सगळं सांगतलं. लपवलं काहीच नाई. बापानं सारं ऐकलं. मंग म्हनला, मांगची भित पडली हाय. थेवढी बांधून द्या.’

‘मग?’

‘मंग काय. साहेबानं मातीचा गारा कालवला, सुखदेवभाऊनं भित घातली. वाकडी घातली. बापानं पाडाले लावली. पुना घातली.’

ती सुखदेवरावांची पहिली भिंत. फौज सोडून आल्यावर त्यांनी गवंडीकाम नीट शिकून घेतले, आणि पहिला स्लॅबही याच घरावर टाकला. बल्ल्या काढायच्या दिवशी आबांना रजा घेऊन बोलावले. दोघे आत जाऊन बसले आणि कुणाला जवळ येऊ देईनात.

‘आमी सारे बाहेर. माय रडून राह्यली. मंग बाप उठला, भाकर घेतली, आत गेला अन् दोघायच्या मंधात बसला. म्हनला, उपाशी कायले बसता, जेवा.’

मला राग आला नाही असे म्हणणार नाही. इतक्या वर्षांत ज्या माणसाच्या बुटांची माती मी झाडली, त्याने हे माझ्यापासून दूर ठेवले होते. ताटातली भाकरी तशीच राहिली. कौसाबाईंनी ती पाहिली आणि वर आणखी थोडे भरीत वाढले.

मागच्या बाजूने सुखदेवरावांचा आवाज आला. ‘कौसे, भितीत पानी मुरून राह्यलं. नाली काढ म्हनलं होतं तुले.’

‘तुमीच बांधली, तुमीच काढा नाली,’ कौसाबाई जागेवरूनच म्हणाल्या.

मी जेवले. सगळे जेवले.

डोंगराच्या कडेला

परतताना सुखदेवरावांनी गाडी डोंगराकडे घ्यायला लावली. इथे अजिंठ्याच्या रांगा उतरत येतात आणि त्यांच्या अंगावर सागाचे विरळ रान आहे. ते आणि आबा इथे दिवसच्या दिवस चालत, तीन दगडांवर चहा करत. आता जंगलात जाळ करू देत नाहीत, आणि ते बरेच आहे. आमच्याजवळ कौसाबाईंचा थर्मास होता.

थोडे चालतो न चालतो तोच माझ्या चपलेचा पट्टा तुटला. सुखदेवराव एका दगडावर बसले, हात पुढे करून चप्पल मागितली, आणि खिशातून तार काढली. सळया बांधायला वापरतात ती बारीक काळी तार. बोटांनीच भोक शोधून त्यांनी पट्टा ओवला, पीळ दिला आणि टोक आत दाबले, पायाला टोचू नये म्हणून.

‘पळस फुलला का, वैनी?’

‘फुलला आहे.’

‘लाल दिसते का काळा?’

मी नीट पाहिले. फुले केशरी होती, पण प्रत्येक डहाळीला कळ्यांचे देठ काळे, मखमलीसारखे. ‘दोन्ही,’ मी म्हणाले.

‘साहेबही हेच सांगत.’ ते समाधानाने चहा प्यायले.

मग मी विचारले. ‘तुम्ही एकटे बसला असता तरी चालले असते. ह्यांना दर वेळी कशाला बोलवायचे?’

‘एकट्यानं बसलं तं थे शिक्षा वाटते. दोघं बसले तं जेवन होते.’

‘मायाला भीती वाटते.’

‘वाटनच. तिचं चुकीचं नाई.’ त्यांनी कप उलटा करून उरलेला थेंब झटकला. ‘पन मी नाई बसलो तं उद्या त्याच्याखाली पह्यलं कोन बसन? कोनाचं तरी पोट्टं, पुस्तक घेऊन. मले दिसत नाई, वैनी. पाऊसही पडला. म्हनूनच तं बसा लागते.’

दूर कुठे मोर ओरडला. त्यांनी मान तिकडे वळवली आणि बराच वेळ तशीच ठेवली. मायाला काय सांगायचे, हे मला गाडीत बसेपर्यंत सुचले नाही. सुचले ते एवढेच, की मी त्यांना अडवू शकत नव्हते आणि एकटे सोडूही शकत नव्हते.

पुन्हा वडनेर

बल्ल्या काढायच्या दिवशी मायाने सुटी घेतली होती. सकाळी तिने भाकऱ्या थापल्या, ठेचा कुटला, सगळे एका फडक्यात बांधले आणि ते फडके माझ्यासमोर ठेवले.

‘तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत.’

‘सांगितले. तुझे बरोबर आहे, असे म्हणाले.’

‘आणि तुम्ही?’

‘मी त्यांच्याबरोबर आत बसणार आहे.’

तिने फडक्याची गाठ पुन्हा आवळली. मग म्हणाली, ‘मी नाही येणार आत. मी पाहू शकत नाही ते.’ मी फडके उचलले.

रफिकभाईंच्या माणसांनी फळ्या उतरवल्या. मधल्या ओळीच्या दोन्ही बाजूंनी सुरुवात करून भिंतींकडे, तशी पद्धत आहे. बल्ल्यांची मधली ओळ तेवढी ठेवून ती माणसे बाहेर आली. अंगणात गाव जमले होते. सुखदेवरावांनी हातोडी घेतली आणि माझ्या कोपरावर हात ठेवला. आम्ही आत गेलो.

मी त्यांना एकेका बल्लीपाशी नेले. ते वाकत, बल्लीच्या बुडाची लाकडी पाचर चाचपत, आणि हातोडीने बाजूला ठोकत. बल्ली सैल होई, मग ते ती अलगद आडवी करत. दर वेळी वरून थोडी धूळ पडे. शेवटची बल्ली निघाली तेव्हा ते ताठ उभे राहिले आणि मान कलती करून ऐकू लागले. मीही ऐकले. बाहेर कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या. आणखी काही नाही.

आम्ही खोलीच्या मध्यावर बसलो. मी फडके सोडू लागले.

‘थांबा. आधी वर पाहा, वैनी. साहेब पाहत. काय दिसते थे सांगा.’

मी वर पाहिले. काँक्रीटवर फळ्यांच्या लाकडाच्या रेषा उमटल्या होत्या, गाठीसुद्धा. खिळ्यांचे ठिपके. आणि भिंतीकडून मध्यावर, आमच्याच डोक्यावर येणारी एक लांब रेघ.

दारात माया उभी होती. तिच्या मागे गाव. मी काय बोलते ते सगळ्यांना ऐकू जाणार होते. म्हाताऱ्या माणसाला बरे वाटावे म्हणून मी ‘काही नाही’ म्हणाले असते, तरी त्या क्षणी कुणाला कळले नसते.

‘एक रेघ आहे,’ मी म्हणाले. ‘भिंतीकडून येते. लांब आहे.’

बाहेर रफिकभाईंनी अल्लाचे नाव घेतले. माया धावत आत आली आणि तिने वडिलांचा दंड धरला.

‘बाबा, उठा. उठा म्हटलं ना.’

सुखदेवराव उठले नाहीत. त्यांनी तिच्या हातावर आपला हात ठेवला. ‘आलीच हाय तं तिले हात लावून पाह्य. थे घोडी घे.’ गिलाव्यासाठी आणलेली उंच लाकडी घोडी भिंतीशी होती.

‘मला नाही कळत त्यातलं.’

‘कळते. उंच लागते का खोल, येवढंच सांग.’

मायाने घोडी ओढली. मी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली. ती वर चढली, हात उंच केला आणि बोट त्या रेघेवर टेकवले.

‘उंच लागते.’

‘सारी फिरव. भितीपासून.’

घोडी आम्ही दोनदा सरकवली. माया भिंतीपर्यंत गेली आणि परत आली. ‘सगळीकडे उंचच आहे, बाबा. बारीक धार आहे.’

‘मंग तडा न्होय थे. दोन फळ्यायच्या फटीतून सिमीट उतरलं अन् वाळलं. तडा खोल रायते, नख जाते त्यात.’ त्यांनी हातोडी बाजूला सरकवली. ‘उतर आता. बाहेर जा.’

माया लगेच उतरली नाही. तिने पूर्ण तळहात छताला लावला आणि थोडा वेळ तसाच ठेवला, दवाखान्यात कुणाचा ताप पाहावा तसा. मग खाली आली, पदराला हात पुसले आणि आमच्यापाशी येऊन उभी राहिली.

‘सरका थोडं,’ ती म्हणाली, आणि आमच्या दोघांच्या मध्ये बसली.

सुखदेवरावांनी तिला पुन्हा बाहेर जायला सांगितले नाही. तिने भाकरी मोडून पहिला तुकडा त्यांच्या हातात दिला. आम्ही जेवू लागलो. ठेचा फार तिखट होता. माझ्या डोळ्यांतून पाणी आले आणि ते पुसायची मला घाई वाटली नाही.

‘ओ बुढे,’ दारातून रफिकभाई म्हणाले, ‘मी येऊ का आता, का मराची वाट पाहू?’

सुखदेवराव घास चावत होते. तो संपवून म्हणाले, ‘ये बे. ठेचा संपाच्या आधी ये.’

रफिकभाई चपला काढून आत आले. त्यांच्यामागून ओट्यावरचे ते दोघेतिघे आले, मग बायका आल्या, कुणी घरून पिठले आणले, कुणी पाण्याची घागर.

आबांच्या जागेवर शेवटी कोण बसले, असे मी परतल्यावर तुमच्या आईने फोनवर विचारले. मला सांगता आले नाही. तोवर त्या खोलीत इतकी माणसे बसली होती की जागा कुठली होती तेच मला सापडले नाही.